किनाऱ्याला भिडणाऱ्या नौका : ‘गुलदार’ आणि तिच्या भगिनी

कोणत्याही जहाजाच्या कप्तानाला सर्वांत मोठी धास्ती असते ती जहाजाचा तळ जमिनीला लागण्याची. खोल पाणी सोडून नौका उथळात शिरली आणि वाळूत रुतली, की चौकशी ठरलेली. मात्र नौदलात काही जहाजे अशीही असतात, की ज्यांना हेतुपुरस्सर किनाऱ्यावर नेऊन रुतवणे हेच त्यांचे काम असते. ती किनाऱ्याला भिडतात, पुढची दारे उघडतात, रणगाडे आणि जवान वाळूवर उतरवतात आणि पुन्हा समुद्रात मागे सरकतात. भारतीय नौदलाच्या ‘कुंभीर’ वर्गातील चार नौका याच जातीच्या होत्या. त्यांपैकी शेवटच्या तीन नौका १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअर येथे एकाच संध्याकाळी सेवानिवृत्त झाल्या. त्या तिघींतील ‘आयएनएस गुलदार’ पुढे महाराष्ट्राच्या वाट्याला आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवतीजवळच्या समुद्रात तिला विधिवत बुडवून पाण्याखालील संग्रहालय उभारण्याची योजना आखण्यात आली.

‘विक्रांत’ आणि ‘विराट’ या दोन विमानवाहू नौका जतन करण्याची स्वप्ने महाराष्ट्राने पाहिली आणि दोन्ही वेळा ती भंगारात निघाली. या पार्श्वभूमीवर जेमतेम अकराशे टनांच्या या लहान नौकेचे महत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. एखादी युद्धनौका निवृत्तीनंतर उपयोगी ठरते की समुद्राला ओझे होते, याचे उत्तर ती कशी बुडवली जाते आणि बुडवल्यानंतर तिची निगा कोण राखते, यावर अवलंबून असते.

पोलंडच्या गोदीतून

या नौकांचा मूळ आराखडा शीतयुद्धाच्या काळातील. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यासाठी सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातील त्याच्या मित्रदेशांना मध्यम आकाराच्या, साध्या आणि दणकट जहाजांची गरज होती. १९६०च्या दशकात पोलंडच्या ग्दान्स्क शहरातील ‘उत्तर गोदी’त अशी जहाजे तयार होऊ लागली. पोलिश भाषेत ‘पोलनोत्स्ना’ म्हणजे उत्तरेकडील. त्यावरूनच पाश्चात्त्य लष्करी वर्तुळात या वर्गाला ‘पोलनोच्नी’ हे नाव पडले आणि तेच रूढ झाले. सुधारित आवृत्त्या धरून या जातीची शंभराहून अधिक जहाजे बांधली गेली. पोलंड आणि सोव्हिएत संघाखेरीज इजिप्त, इराक, व्हिएतनाम आदी देशांच्या नौदलांत ती दाखल झाली. भारत हाही तिचा मोठा ग्राहक होता.

भारताकडे या जातीची पहिली जोडी १९६६मध्ये आली. ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ ही त्यांची नावे. त्यानंतर १९७०च्या दशकाच्या मध्यास ‘घोरपड’, ‘केसरी’, ‘शार्दूल’ आणि ‘शरभ’ या चार नौका दाखल झाल्या. तिसऱ्या तुकडीत आणखी सुधारित अशा ‘चीता’, ‘महिष’, ‘गुलदार’ आणि ‘कुंभीर’ या नौका होत्या. पहिली ‘गुलदार’ निवृत्त झाल्यावर तिचेच नाव नव्या नौकेला देण्यात आले. नौदलाची ही जुनी प्रथा आहे. त्यामुळे १९७१च्या युद्धातील ‘गुलदार’ आणि सिंधुदुर्गात आलेली ‘गुलदार’ या दोन वेगवेगळ्या नौका आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या नावांचीही एक गंमत आहे. घडियाल आणि कुंभीर म्हणजे मगरीच्या कुळातील, पाणी आणि जमीन दोन्हींवर वावरणारे प्राणी. घोरपड तर मराठी माणसाला सिंहगडाच्या तानाजीच्या आख्यायिकेतून परिचयाची. कडा चढणारी ती चिवट घोरपड किनारा चढणाऱ्या नौकेला शोभून दिसते. शरभ हा पुराणातील काल्पनिक पशू महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला आढळतो. ‘गुलदार’ म्हणजे अंगावर फुलांसारखे ठिपके असलेला बिबट्या.

तिसऱ्या तुकडीतील नौका ग्दान्स्कजवळच्या ग्दिनिया येथील गोदीत बांधल्या गेल्या. १९८०मध्ये याच बाल्टिक किनाऱ्यावरील गोदीकामगारांच्या संपांतून ‘सॉलिडॅरिटी’ चळवळ उभी राहिली होती. पाठोपाठ पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. त्या अस्वस्थ वर्षांच्या लगेच नंतर, १९८४मध्ये ‘चीता’, १९८५मध्ये ‘महिष’ आणि ‘गुलदार’ आणि १९८६मध्ये ‘कुंभीर’ भारतीय नौदलाच्या सेवेत रुजू झाल्या.

वाळूवर चढण्याचे तंत्र

‘गुलदार’ची लांबी ८३.९ मीटर आणि रुंदी ९.७ मीटर. मुंबईच्या लोकलचे चार डबे एकापुढे एक उभे केले, तर जेवढी लांबी भरेल, जवळजवळ तेवढीच. पोटात रणगाडे आणि चिलखती वाहने उभी करण्याची लांबलचक जागा, सुमारे दीडशे जवानांची सोय, वरच्या डेकवर हेलिकॉप्टर उतरण्यापुरता चौथरा, ३० मिलिमीटरच्या तोफा आणि किनाऱ्यावर मारा करण्यासाठी १४० मिलिमीटरची रॉकेटे, असा तिचा एकंदर संसार. समोरच्या भागात दोन मोठी दारे आणि त्यामागे खाली सोडता येणारा उतरंडीचा पूल.

अशा नौकेचा तळ सपाट असतो. पुढचा भाग पाण्यात कमी बुडतो, मागचा अधिक. किनाऱ्याकडे निघण्यापूर्वी नौकेच्या पोटातील टाक्यांमधले पाणी असे हलवले जाते, की पुढचा भाग आणखी उचलला जावा. किनारा जवळ आला की मागच्या बाजूने एक नांगर समुद्रात सोडतात. त्याची साखळी वा तार सैल सोडत नौका संथ वेगाने वाळूवर चढते. दारे उघडतात, पूल पडतो, वाहने उतरतात. परतताना इंजिने उलटी फिरवली जातात आणि त्याच वेळी मागच्या नांगराची तार यंत्राने गुंडाळत नौका स्वतःला समुद्राकडे खेचून घेते. रापणीसाठी होडी वाळूवर ओढणाऱ्या आणि पुन्हा लाटेत लोटणाऱ्या कोकणातील मच्छीमारांना यातील मर्म वेगळे सांगायला नको. भरती, ओहोटी, लाटेचा कोन आणि वाळूचा उतार या चारांपैकी एकाचाही अंदाज चुकला, तर नौका अडकते.

सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे किनाऱ्याचा उतार. तो फार मंद असेल, तर नौका किनाऱ्यापासून दूरवरच रुतते आणि जवानांना पाण्यातून चालत जावे लागते. पाण्याखाली वाळूचा बांध असेल, तर फसगत ठरलेली. नौका बांधावर टेकते, समोर किनारा दिसतो. पण बांधाच्या पलीकडे पुन्हा खोल पाणी असते.

कॉक्स बझारचा धडा

हा धडा भारतीय सैन्याने १९७१मध्ये मोठी किंमत देऊन घेतला. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या अखेरच्या दिवसांत पाकिस्तानी सैन्याला ब्रह्मदेशाकडे निसटता येऊ नये, म्हणून कॉक्स बझारजवळ सैन्य उतरवण्याचा निर्णय झाला. मोहिमेचे नाव होते ‘ऑपरेशन बीव्हर’. गोरखा जवानांसह जमवलेल्या तुकडीला व्यापारी जहाजातून आणण्यात आले आणि भर समुद्रात त्यांना पहिल्या ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ या नौकांवर चढवण्यात आले. घाईत आखलेल्या या मोहिमेपूर्वी किनाऱ्याची पुरेशी पाहणी झालेली नव्हती. नौका ज्या वाळूला टेकल्या, तिच्या पुढे खोल पाणी निघाले. समोरून शत्रूचा प्रतिकार जवळपास नव्हता. तरीही पाठीवर सामान घेऊन उतरलेल्या जवानांपैकी काही बुडून मृत्युमुखी पडले.

त्याच कॉक्स बझारवर काही दिवस आधी, ४ डिसेंबर १९७१ रोजी, पहिल्या ‘विक्रांत’वरील विमानांनी हल्ला चढवला होता. इतिहासात ‘विक्रांत’चे नाव गाजले, किनाऱ्याशी झुंजलेल्या छोट्या नौकांची नोंद मात्र तळटीपेपुरतीच राहिली. परंतु उभयचर मोहिमेत जहाजाइतकेच किनाऱ्याचे ज्ञान महत्त्वाचे असते, ही जाणीव नौदलात पक्की झाली ती या अनुभवातून. पुढच्या पिढीतील ‘कुंभीर’ वर्गाच्या नौकांनी सराव आणि मोहिमांत शेकडो वेळा किनारा गाठला, त्यामागे हा धडा होता.

अंदमानची जीवनरेखा

सेवेच्या सुरुवातीला ‘चीता’ काही काळ कोची आणि चेन्नई येथे, तर ‘गुलदार’ आणि ‘कुंभीर’ विशाखापट्टणम येथे तैनात होत्या. पुढे या नौका अंदमान आणि निकोबारच्या ताफ्यात गेल्या. २००१मध्ये तिथे देशातील पहिले तिन्ही दलांचे संयुक्त मुख्यालय स्थापन झाले. शेकडो बेटे, मोजकी बंदरे आणि अनेक ठिकाणी धक्क्यांचा अभाव अशा प्रदेशात वाळूवर थेट चढू शकणारे जहाज म्हणजे चालते-फिरते बंदरच होय.

नौदलाने दिलेल्या माहितीनुसार ‘चीता’, ‘गुलदार’ आणि ‘कुंभीर’ या तिघींनी मिळून सुमारे १७ लाख सागरी मैलांचा प्रवास केला. म्हणजे साधारण साडेएकतीस लाख किलोमीटर. पृथ्वी ते चंद्र अशा चार फेऱ्या जाऊन-येऊन झाल्या असत्या, एवढे हे अंतर. तिघींचे समुद्रावरील एकत्रित दिवस १२,३०० हून अधिक भरतात आणि सैन्य उतरवण्यासाठी त्या १,३०० हून अधिक वेळा किनाऱ्यावर चढल्या. श्रीलंकेतील शांतिसेनेच्या काळातील मोहीम, १९९०पासून भारत-श्रीलंका सागरी सीमेवर शस्त्रांची तस्करी रोखण्यासाठी हाती घेतलेले ‘ऑपरेशन ताशा’, १९९७मध्ये श्रीलंकेजवळ आलेल्या चक्रीवादळानंतरचे मदतकार्य आणि २००४ची त्सुनामी, या साऱ्यांत त्यांचा सहभाग होता.

यांपैकी त्सुनामीचा प्रसंग या नौकांचे प्रयोजन सर्वांत स्पष्ट करणारा. २६ डिसेंबर २००४ रोजी निकोबार बेटांवरील धक्के उद्ध्वस्त झाले. बंदरच नाही, तर मोठे जहाज मदत घेऊन आले तरी ती उतरवणार कुठे, असा प्रश्न उभा राहतो. सैन्य उतरवण्यासाठी बांधलेली उतरंड अशा वेळी धान्य, पाणी आणि औषधे उतरवण्यास कामी येते. रणासाठी घडवलेल्या वस्तूचा सर्वांत मोलाचा उपयोग शांततेत व्हावा, याचे हे उदाहरण.

सूर्यास्ताला तीन ध्वज उतरले

चौघींपैकी ‘महिष’ २०१६मध्ये निवृत्त झाली. उरलेल्या तिघींनी त्यानंतरही काही वर्षे सेवा बजावली. १२ जानेवारी २०२४ रोजी सूर्यास्ताच्या वेळी तिन्ही नौकांवरील राष्ट्रध्वज, नौदलाचा ध्वज आणि निवृत्तीची पताका अखेरची उतरवण्यात आली. तीन युद्धनौका एकाच वेळी निवृत्त होण्याचा हा देशाच्या सागरी इतिहासातील आगळा प्रसंग होता. विशेष म्हणजे याच्या जेमतेम सहा आठवडे आधी, ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनाचा मुख्य सोहळा मालवणच्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने झाला होता. त्याच किनारपट्टीकडे या तिघींपैकी एक पुढे येणार होती.

त्यांची जागा घेणाऱ्या नौका एव्हाना भारतातच बांधल्या जाऊ लागल्या होत्या. १९८७मध्ये दाखल झालेली आणि २०२३मध्ये निवृत्त झालेली ‘मगर’, १९९७ची दुसरी ‘घडियाल’ आणि २००७ ते २००९ या काळातील ‘शार्दूल’, ‘केसरी’ आणि ‘ऐरावत’ या आकाराने कितीतरी मोठ्या. अमेरिकेकडून २००७मध्ये घेतलेली ‘जलाश्व’ त्याहून मोठी. बेटांवरील लहानसहान कामांसाठी कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने बांधलेल्या एल-५१ ते एल-५८ या आठ नौका २०१७ ते २०२१ दरम्यान सेवेत आल्या. ‘कुंभीर’ वर्गाचे खरे वारस म्हणायचे तर हेच. फरक इतकाच, की त्यांना प्राण्यांची नावे नाहीत. केवळ क्रमांक आहेत.

दोन स्वप्नांची राख

निवृत्त युद्धनौकेपुढे सामान्यतः तीन वाटा असतात. भंगाराचा बाजार, क्षेपणास्त्रांच्या सरावातील लक्ष्य किंवा संग्रहालय. तिसरी वाट सर्वांत आकर्षक आणि सर्वांत खर्चिक. पहिली ‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षे ती संग्रहालय म्हणून लोकांना पाहता आली. शाळांच्या सहली तिच्या डेकवर हिंडल्या. परंतु पाण्यावर तरंगणारे पोलाद दरवर्षी डागडुजी मागते. अखेर सुरक्षिततेच्या कारणावरून संग्रहालय बंद झाले, नौकेचा लिलाव झाला, न्यायालयीन लढाई झाली आणि २०१४च्या अखेरीस मुंबईतच ती तोडण्यास प्रारंभ झाला.

‘विराट’ची कथा निराळी नाही. ६ मार्च २०१७ रोजी ती निवृत्त झाली. राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८मध्ये तिचे संग्रहालय आणि सागरी साहसकेंद्र उभारण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या प्रस्तावाला मान्यता दिली. जागा ठरली होती ती निवतीजवळच्याच समुद्रातील. पण ही योजना कागदावरून पुढे सरकली नाही आणि सप्टेंबर २०२०मध्ये ‘विराट’ गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी पोहोचली.

या दोन अनुभवांचे सार एवढेच, की तरंगते संग्रहालय हे समुद्राशी रोज चालणारे युद्ध असते. त्यात पैसा थांबला की समुद्र जिंकतो. ‘गुलदार’च्या योजनेत या युद्धातून माघार घेऊन समुद्राशी तह करण्याचा विचार आहे. नौका तरती ठेवायचीच नाही. ती तळाशी बसवायची आणि समुद्राने तिचे जे काही करायचे ते करू द्यायचे.

कारवार ते विजयदुर्ग

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये २३ राज्यांतील ४० पर्यटन प्रकल्पांना मंजुरी दिली. त्यांत ‘गुलदार’चे पाण्याखालील संग्रहालय, कृत्रिम प्रवाळभित्ती आणि पाणबुडी पर्यटन या सिंधुदुर्गातील प्रकल्पासाठी ४६.९१ कोटी रुपये होते. ‘विराट’च्या प्रस्तावाच्या तुलनेत ही रक्कम अगदीच लहान. हा निधी ज्या योजनेतून आला, तीत राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीने बिनव्याजी कर्ज मिळते. म्हणजे हे अनुदान नव्हे, राज्याच्या खात्यावरील दीर्घकालीन देणे आहे, हेही विसरून चालणार नाही.

फेब्रुवारी २०२५मध्ये कारवार येथील नौदल तळावर ही नौका ‘जशी आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात देण्यात आली. मार्च महिन्यात ती ओढून विजयदुर्ग बंदरात आणण्यात आली. मराठ्यांच्या आरमाराचे हे जुने ठाणे. जवळच गिर्ये येथे आंग्रेकालीन गोदीचे अवशेष आहेत. लाकडी गलबतांची डागडुजी जिथे होत असे, त्या खाडीत पोलंडमध्ये घडलेली नौका तिच्या शेवटच्या तयारीसाठी यावी, हा योगायोग खराच.

बुडवणे सोपे नसते

जहाज बुडवायला काय लागते, असे वरवर वाटेल. प्रत्यक्षात ते योग्य रीतीने बुडवणे हे कठीण काम आहे. पहिला प्रश्न स्वच्छतेचा. चाळीस वर्षे चाललेल्या नौकेत इंधन, वंगण, तेलकट पाणी, उष्णतारोधक ॲस्बेस्टॉस आणि जुन्या विद्युत तारांच्या आवरणांत घातक रसायने असू शकतात. जुन्या जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून विषारी रंग लावलेले असत. त्यातील कथिलयुक्त रंगांवर २००१च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आणली आणि ती २००८मध्ये लागू झाली. हे सारे काढून टाकल्याखेरीज नौका बुडवली, तर ती प्रवाळाला आधार देण्याऐवजी विष पुरवेल. अमेरिकेने ‘ओरिस्कानी’ ही विमानवाहू नौका २००६मध्ये फ्लोरिडाजवळ बुडवली, त्याच वर्षी अशा जहाजांच्या सफाईसाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा आधार आज अनेक देश घेतात.

दुसरा प्रश्न नौका सरळ बसण्याचा. या बाबतीत सैन्य उतरवणाऱ्या जहाजांचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही. पोटात मोठी मोकळी जागा असल्याने पाणी भरताना ती एका अंगाला झुकण्याचा धोका असतो. अमेरिकेची ‘स्पीगल ग्रोव्ह’ ही याच कुळातील १५५ मीटर लांबीची निवृत्त नौका १७ मे २००२ रोजी फ्लोरिडातील की लार्गोजवळ बुडवताना ठरल्या वेळेआधीच उलटली आणि तिचे टोक पाण्याबाहेर डोकावत राहिले. पुढे खटपटीने ती एका कुशीवर आणली गेली. तीन वर्षांनी, जुलै २००५मध्ये, एका चक्रीवादळाच्या लाटांनीच तिला सरळ उभे केले. ऑस्ट्रेलियाची ‘टोब्रुक’ ही सैन्यवाहू नौका २९ जून २०१८ रोजी क्वीन्सलँडजवळ बुडवली गेली. तीही सरळ न बसता उजव्या कुशीवर निजली. दोन्ही ठिकाणी पाणबुड्यांची गर्दी होते, ही गोष्ट वेगळी. परंतु आडव्या पडलेल्या जहाजात दिशाभ्रम होऊ शकतो, त्यामुळे नवख्यांसाठी ती जागा अवघड बनते. ज्या वादळाने ‘स्पीगल ग्रोव्ह’ला सरळ केले, त्या जातीची वादळे कोकणालाही अनोळखी राहिलेली नाहीत. २०२०चे ‘निसर्ग’ आणि २०२१चे ‘तौक्ते’ यांनी ते दाखवून दिले आहे.

आनंदनगरचा धागा

पाण्याखाली गेलेल्या नौकेचे आयुष्य ठरवणारा घटक म्हणजे गंज. आणि या विषयाचा एक धागा समुद्रापासून दूर, अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत येऊन मिळतो. शीळ-बदलापूर रस्त्यावर संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे. १९५३मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत लहान स्वरूपात सुरू झालेली ही संस्था पुढे अंबरनाथला स्थिरावली. समुद्राच्या पाण्यात धातू कसा झिजतो, त्याला कोणते रंग वाचवतात, तळाला जीव चिकटू नयेत म्हणून काय करावे, हे तिच्या अभ्यासाचे विषय. पाणबुड्यांना अधिक काळ पाण्याखाली राहता यावे यासाठीचे इंधनघट तंत्रज्ञानही इथेच विकसित झाले. अंबरनाथ आणि बदलापूरहून रोज लोकल पकडणाऱ्या अनेकांना आपल्या शेजारी जहाजांच्या पोलादाचा असा अभ्यास चालतो, याची कल्पनाही नसते.

किनाऱ्यावर चढणाऱ्या नौकांना या शास्त्राची गरज इतरांहून अधिक. वाळूवर प्रत्येक वेळी चढताना तळाचा रंग खरवडला जातो आणि उघड्या पडलेल्या पोलादाला खारे पाणी झोंबते. त्यावर उपाय दोन. एक म्हणजे वारंवार गोदीत घेऊन नवा रंग देणे. दुसरा म्हणजे नौकेच्या अंगाला जस्तासारख्या धातूचे ठोकळे बसवणे किंवा मंद विद्युतप्रवाह सोडणे. ठोकळे स्वतः झिजतात आणि पोलाद वाचवतात. नौका तरती असेपर्यंत ही निगा राखली जाते. ती बुडाल्यानंतर मात्र तिला नवा रंग कोणी देत नाही.

तरीही बुडालेले जहाज लगेच विरघळत नाही. तळाशी लाटांचा मारा कमी असतो आणि पोलादावर जीवसृष्टीचा थर चढला की तो काही अंशी कवचाचे काम करतो. सर्वांत आधी पातळ पत्रे, जिने आणि कठडे जातात. जाड सांगाडा कितीतरी अधिक टिकतो. म्हणूनच पाण्याखालील संग्रहालयाची ठरावीक काळाने तपासणी करणे, धोकादायक झालेले भाग बंद करणे किंवा कापून काढणे आवश्यक असते. ‘विक्रांत’च्या बाबतीत निगा कमी पडली, हे डोळ्यांना दिसत होते. पाण्याखाली ते दिसणार नाही, एवढाच फरक.

मासे जमतील, पण कोणासाठी?

निवती आणि वेंगुर्ल्याच्या समोरील खडकाळ बेटे हा या किनाऱ्याचा नाजूक ठेवा आहे. तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची घरटी आहेत. थोड्या उत्तरेला मालवणचे सागरी अभयारण्य आहे. १९८७मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून तिथे प्रवाळ आढळतात. तारकर्ली-मालवण परिसरात स्कूबा डायव्हिंगचा व्यवसाय गेल्या दोन दशकांत चांगलाच फोफावला आणि त्याचा ताण मोजक्या नैसर्गिक प्रवाळस्थळांवर पडला. पर्यटकांचा काही भार पोलादी जहाजाकडे वळला, तर खऱ्या प्रवाळांना उसंत मिळेल, हा अशा प्रकल्पांच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद आहे.

बुडालेल्या जहाजावर प्रथम शेवाळाचा पातळ थर धरतो. मग शिंपले, कालवे, स्पंज आणि मऊ प्रवाळ येतात. आडोसा मिळाल्याने लहान मासे जमतात आणि त्यांच्यामागे गोब्रा, तांबोशी यांसारखे मोठे मासे येतात. परंतु इथेच जगभरातील सागरी जीवशास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. अशा जागी मासे खरोखर वाढतात, की आसपासचे मासे केवळ एका ठिकाणी गोळा होतात? गोळा होत असतील, तर त्यांना पकडणे अधिक सोपे होते. जहाजाभोवती मासेमारीला मोकळीक राहिली, तर कृत्रिम प्रवाळभित्ती हा सापळा ठरू शकतो. उलट तो परिसर राखीव ठेवला, तर मूठभर पाण्यावरचा मच्छीमारांचा हक्क जातो. पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौका यांच्यातील जुना संघर्ष ज्या किनाऱ्याने पाहिला आहे, तिथे हा प्रश्न किरकोळ नाही. जहाजात अडकून तुटलेली जाळी वर्षानुवर्षे मासे मारत राहतात, हाही धोका आहेच.

त्यामुळे प्रकल्पाचे यश तिकिटांच्या संख्येवर मोजून चालणार नाही. जहाज बुडण्यापूर्वी तळाची पाहणी, नंतर दरवर्षी माशांची आणि पाण्याची नोंद, जाळ्यांची सफाई आणि राखीव क्षेत्राच्या सीमा मच्छीमारांशी बोलून ठरवणे, ही चार कामे झाली तरच नौकेचा दुसरा जन्म सार्थ म्हणता येईल. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि नंतर काही काळ पाणी गढूळ असते. त्यामुळे पर्यटनाचा हंगाम मुळातच मर्यादित आहे, हेही हिशेबात धरावे लागेल.

कॉक्स बझारच्या वाळूने १९७१मध्ये शिकवलेला धडा इथेही लागू पडतो. तेव्हा जहाजे तयार होती; अज्ञात होता तो पाण्याखालचा तळ. सैन्य उतरवताना किनारा आधी पारखावा लागतो, तसाच जहाज बुडवताना समुद्रही आधी पारखावा लागतो. तिघी भगिनींनी चाळीस वर्षांत तेराशेहून अधिक वेळा जमिनीला टेकून सुखरूप परतण्याची किमया केली. अखेरच्या वेळी ‘गुलदार’ परतण्यासाठी टेकणार नाही. ती कशी टेकते, याची जबाबदारी आता तिच्या कप्तानावर नाही. ती किनाऱ्यावरच्या माणसांवर आहे.

एका दृष्टिक्षेपात : ‘कुंभीर’ वर्ग

बांधणी : ग्दिनिया, पोलंड
नौका : ‘चीता’ (१९८४), ‘महिष’ (१९८५), ‘गुलदार’ (१९८५), ‘कुंभीर’ (१९८६)
लांबी व रुंदी : ८३.९ मीटर, ९.७ मीटर
वजन : सुमारे १,१०० टन
काम : रणगाडे, वाहने आणि जवान थेट किनाऱ्यावर उतरवणे, आपत्तीकाळात मदत
निवृत्ती : ‘महिष’ २०१६, उर्वरित तीन १२ जानेवारी २०२४, पोर्ट ब्लेअर (सप्टेंबर २०२४पासून श्री विजयपुरम)
‘गुलदार’ प्रकल्पाचा मंजूर निधी : ४६.९१ कोटी रुपये (नोव्हेंबर २०२४)